दोहाळे आणि दिंडी

गर्भवती स्त्रीला उपदेश करण्यास आपल्या समाजात कोणतीही पात्रता लागत नाही. वैद्याला ज्ञान लागते, वकिलाला सनद लागते, शिक्षकाला निदान एखादी परीक्षा तरी द्यावी लागते. परंतु घरातील सुनेला दिवस गेले आहेत असे कळताच शेजारच्या काकूंपासून दूध घालणाऱ्या गवळ्यापर्यंत प्रत्येकास बोलण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो. पपई खाऊ नये, ग्रहणात भाजी चिरू नये, उंबऱ्यावर बसू नये, तिन्हीसांजेला दारात उभे राहू नये, ही यादी पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहे आणि तिच्यातील एकही कलम कोणी रद्द केल्याचे ऐकिवात नाही. ह्या उपदेशात माया नसते असे आमचे म्हणणे नाही. बहुधा मायाच असते. परंतु त्यात एक चमत्कारिक गोष्ट आम्हांस नेहमी आढळते. जे लोकांच्या दृष्टीस पडते तेवढेच निषिद्ध ठरते, आणि जे घराच्या चार भिंतींआड चालते त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही.

हा विचार २०२४ च्या कार्तिकात आमच्या मनात विशेष घोळू लागला, कारण त्या एकाच महिन्यात दोन प्रश्न आमच्या घरी आले. पहिला आला स्वित्झर्लंडहून. आमची पुतणी तेथे नोकरीनिमित्त कित्येक वर्षे राहते. त्या देशातील माणसे हिवाळा आला की पायांस लांब पट्ट्या बांधून डोंगराच्या बर्फाळ उतारावरून खाली घसरत येतात. ह्या खेळास स्कीइंग म्हणतात आणि तो तिने चांगला आत्मसात केला आहे. तिला तिसरा महिना होता. नाताळच्या सुटीत नेहमीप्रमाणे मंडळी डोंगरावर जाणार; आपण जावे की न जावे, असे तिने दूरध्वनीवर विचारले. दुसरा प्रश्न घरातलाच होता. आमच्या धाकट्या सुनेस पाचवा लागला होता, आणि तिला कपिलधारेस पायी जावयाचे होते. तिच्या माहेरची माणसे वर्षानुवर्षे कार्तिकीच्या दिंडीत चालतात. ती स्वतः परकर-पोलक्याच्या वयापासून चालत आली आहे. लग्न झाल्यावरही एक वर्ष चुकले नव्हते.

दोन्ही प्रश्नांस आमच्या घरी एकच उत्तर मिळाले, आणि तेही एका श्वासात: "काही नको." बर्फ आणि बालाघाट ह्यांच्यात काही भेद असावा अशी शंकाही कोणास आली नाही.

ज्या वाचकांनी कपिलधार पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ बालाघाटाचे डोंगर एका ठिकाणी दुभंगल्यासारखे होऊन खोल दरी झाली आहे. मराठवाड्याचा उघडा, तापलेला माळ तुडवीत आलेल्या माणसास ही दरी अगदी अनपेक्षित वाटते. वरून धबधबा कोसळतो. पावसाळ्यात त्याचा घोष दुरून ऐकू येतो आणि कार्तिकापर्यंत तो बराच क्षीण झालेला असतो. येथेच 'परमरहस्य' ह्या मराठी ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी ह्यांची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातील वीरशैव समाज तर येतोच, पण कर्नाटक व तेलंगण ह्या बाजूंनीही भाविक येतात, आणि त्यांतील पुष्कळसे दिंड्यांनी पायी येतात. पंढरीची वारी आषाढाच्या चिखलात चालते. ही दिंडी हिवाळ्याच्या तोंडावर चालते. पहाटे अंगावर घोंगडी घेऊन निघावे, दवाने ओल्या झालेल्या ज्वारीच्या कडेने टाळ वाजवीत जावे, उन्हे चढल्यावर एखाद्या गावच्या पंगतीस बसावे आणि संध्याकाळी पुढील मुक्काम गाठावा, असा तिचा क्रम असतो. दिवसाला वीसपंचवीस किलोमीटर चालणे सहज होते. आमच्या ह्या भागास ठाऊक असलेला हिवाळ्याचा मर्दानी खेळ कोणता असे कोणी विचारले, तर आम्ही निःशंकपणे ह्या दिंडीकडे बोट दाखवू. फरक एवढाच की त्यात मर्दांच्या बरोबरीने बायका असतात, आणि संख्येने त्या कमी नसतात.

सुनेच्या जाण्यास धर्माची आडकाठी होती म्हणावे, तर तेही नव्हते. वीरशैव मताने सूतकाचे पाचही प्रकार नाकारले आहेत. जन्माचा विटाळ नाही, मरणाचा नाही, ऋतूचाही नाही. इतकेच नव्हे, तर कित्येक घराण्यांत गर्भ आठव्या महिन्याचा झाला की पोटातल्या बाळासाठीच लिंगधारणेचा संस्कार करतात. ज्या पंथात जन्मापूर्वीच बाळ दीक्षेस पात्र ठरते, त्या पंथाच्या समाधीपाशी गर्भवतीने येऊ नये असे कोण म्हणणार? आमच्या सौ. आणि थोरल्या वहिनी ह्यांच्यासारख्या जाणत्या बायकांनाही हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी धर्माचे नाव घेतले नाही, थंडीचे घेतले. "पोटुशी बाई उघड्यावर निजली तर गारठा पोटात शिरतो," हे वाक्य आम्ही त्या आठवड्यात किती वेळा ऐकले ह्याची गणती नाही.

आता थंडीविषयी प्रथम बोलू, कारण ती सर्वांत निरुपद्रवी आहे. अंगावर पुरेसे कपडे असले आणि पाय कोरडे असले तर थंडी गर्भास बाधत नाही. आईचे शरीर आपल्या उबेची तजवीज स्वतः करते. गर्भास खरे भय उष्णतेचे आहे. पहिल्या काही आठवड्यांत आईच्या शरीराची उष्णता फार वाढली, तर बाळाच्या मेंदूच्या व पाठीच्या कण्याच्या घडणीस अपाय होऊ शकतो. म्हणून मौज अशी की, बर्फावर खेळणे एक वेळ परवडेल, पण खेळून आल्यावर अंग शेकण्यासाठी युरोपातील लोक ज्या वाफेच्या खोलीत जाऊन बसतात ती गर्भवतीने अवश्य टाळावी. आमच्या पुतणीस ही गोष्ट तिच्या डॉक्टरांनी सांगितली तेव्हा ती हसून म्हणाली, "काका, म्हणजे बर्फ बाहेर आणि धोका घरात!" हे वाक्य आम्ही सुनेस सांगितले. ती हसली नाही. तिचे त्या वेळी काय चालले होते ते पुढे सांगू.

श्रमांसंबंधी आपले जुने ग्रंथ काय म्हणतात ते आम्ही मुद्दाम काढून पाहिले. 'शास्त्रात सांगितले आहे' असे म्हणणाऱ्यांनी शास्त्र क्वचितच उघडलेले असते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भास अपाय करणाऱ्या गोष्टींची मोठी यादी आहे. तीत व्यायाम सरसकट निषिद्ध नाही. निषिद्ध आहे तो दारुण आणि अनुचित व्यायाम, आणि वैद्यकाच्या परिभाषेत अनुचित म्हणजे अशोभनीय नव्हे, तर ज्याची शरीरास सवय नाही तो. ह्या एका शब्दाकडे आमच्या उपदेशकांचे लक्ष गेले असते तर पुष्कळ वाद मिटले असते. यादीतील उरलेल्या गोष्टी तर आम्हांस चकित करणाऱ्या वाटल्या. उकिडवे बसणे, उंचसखल किंवा कठीण आसनावर बसणे, मलमूत्राचे वेग अडवून धरणे, फार थोडे खाणे, हिसके देणाऱ्या वाहनातून फार प्रवास करणे, हे सर्व तीत आहे. खोल खड्डे, विहिरी आणि कडे ह्यांच्याकडे डोकावून पाहणेही त्यात सांगितले आहे. सुश्रुत तर आणखी एक पाऊल पुढे जातो. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून ती स्त्री दोन हृदयांची होते, आणि तिच्या इच्छा म्हणजे दोघांच्या इच्छा असल्याने त्या मोडू नयेत, असे त्याचे मत आहे. आपले दोहाळे ते हेच. संस्कृत काव्यातील सर्वांत प्रसिद्ध दोहाळेही चिंचाबोरांचे नाहीत. सीतेला गंगेच्या तीरावरील तपोवने पुन्हा हिंडावीशी वाटली होती. ती इच्छा पुरविण्याच्या निमित्ताने तिला रथात कोणी बसविले आणि पुढे काय झाले, ते वाचकांस ठाऊकच आहे.

पाश्चात्त्य वैद्यकाचा इतिहास ह्या बाबतीत आपल्याहून फार वेगळा नाही, आणि हे आम्हांस जरा समाधानकारक वाटले. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने १९८५ साली गर्भवतींसाठी नियम घालून दिले, त्यांत नाडीचे ठोके मिनिटास १४० च्या वर जाऊ देऊ नयेत आणि जोराचे श्रम एका वेळी पंधरा मिनिटांहून अधिक करू नयेत असे होते. हे आकडे सावधगिरीपोटी ठरविले होते. त्यांच्यामागे भक्कम पुरावा नव्हता. १९९४ साली ते मागे घेण्यात आले. त्याच संस्थेच्या २०२० सालच्या मतानुसार, प्रकृती निकोप असलेल्या गर्भवतीने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि त्यात चालणे अग्रभागी आहे. चालण्याने गर्भ पडत नाही, बाळ अपुऱ्या दिवसांचे होत नाही. उलट आईचे वजन, रक्तदाब व रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास साहाय्य होते. पण त्याच मतात काही खेळ स्पष्ट शब्दांत वर्ज्य सांगितले आहेत. डोंगर-उतारावरील स्कीइंग, घोड्यावर बसणे आणि ज्यात पोटावर मार बसण्याचा किंवा पडण्याचा संभव आहे ते बहुतेक खेळ त्यांत येतात. सखल प्रदेशात राहणाऱ्या स्त्रीने ६,००० फुटांहून अधिक उंचीवर जाऊन श्रम करणेही इष्ट मानलेले नाही. आमच्या बालाघाटाची उंची त्या मर्यादेच्या निम्मीही भरणार नाही. युरोपातील बर्फाच्या घसरणी मात्र पुष्कळदा त्या मर्यादेपलीकडे जातात.

पडण्याचेच एवढे भय का, हे समजून घेण्यासारखे आहे. पहिले बारा आठवडे गर्भाशय कंबरेच्या हाडांच्या कड्यात सुरक्षित असते. नंतर ते वर येते आणि त्याच्यापुढे पोटाच्या भिंतीखेरीज आडोसा राहत नाही. त्याच वेळी शरीराचा तोल पुढे झुकतो आणि सांध्यांचे बंध सैल होतात, म्हणून जन्मभर न धडपडलेली बाईही सपाट जमिनीवर ठेचकाळते. गर्भाशय स्नायूंचे असल्यामुळे हिसका बसला असता ताणते व पुन्हा पूर्ववत होते. वार तशी ताणत नाही. ह्या दोहोंच्या चालीतील फरकामुळे वार आपल्या जागेवरून सुटू शकते. बाहेर खरचटलेलेही दिसत नाही, आणि आत बाळाचा श्वास तुटत असतो. म्हणूनच गर्भवतीच्या पोटास मार लागला तर वरवर ती ठणठणीत दिसली तरी निदान चार तास बाळाच्या हृदयाचे ठोके पाहत राहण्याची रुग्णालयांची रीत आहे.

ह्याला अपवाद म्हणून काही नावे नेहमी पुढे केली जातात. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत स्वीडनच्या माग्दा यूलिन ह्यांनी बर्फावरील नृत्याचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या गरोदर होत्या. २०१० साली व्हँकूव्हरच्या सामन्यांत कॅनडाच्या क्रिस्टी मूर ह्या सहाव्या महिन्यात आपल्या संघाबरोबर होत्या आणि रौप्यपदक घेऊन परतल्या. त्यांचा खेळ मात्र बर्फावर घोटीव दगड सरकविण्याचा होता, उतारावरून झेपावण्याचा नव्हे. अशा उदाहरणांनी मन प्रसन्न होते हे खरे. परंतु ती पडल्या नाहीत त्यांची उदाहरणे आहेत, आणि पडलेल्यांची नावे कोठे छापून येत नाहीत.

पुतणीचा निर्णय लवकर झाला. ती म्हणाली, "मी स्वतः पडणार नाही एवढा भरवसा मला आहे. पण मागून एखादा पोरगा येऊन आदळला तर?" ह्या प्रश्नास उत्तर नव्हते, आणि तो तिचा तिनेच काढला ह्यात आम्हांस आनंद वाटला. तिने पट्ट्या माळ्यावर ठेवल्या आणि सुटीत खालच्या दरीतील सपाट वाटेवर रोज तासभर चालण्याचे ठरविले. एका गोष्टीची सल मात्र तिच्या बोलण्यात होती. तिच्या यजमानांच्या पट्ट्या माळ्यावर गेल्या नव्हत्या, आणि त्या जाव्यात असे कोणी सुचविलेही नव्हते.

सुनेचे प्रकरण इतके सोपे नव्हते. तिला विचारले असते तर तिनेही असाच विचार केला असता. पण घरातील सुनेस विचारण्याची रीत नाही. तिच्याविषयी ठरते, आणि मग तिला कळविण्यात येते. हे ठरत होते त्या आठवड्यात दिवाळी नुकतीच सरली होती. लातुरास नळ रोज येत नाही. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणून हे शहर जगविले होते, तेव्हापासून पाणी साठविण्याची आमच्याकडे एक विद्याच झाली आहे. नळ येई त्या पहाटे सून भरलेल्या कळशा जिन्याने वर नेई. फराळाच्या भांड्यांचा ढीग तिने अंगणात उकिडवे बसून घासला होता. ओल्या फरशीवर ती दिवसातून कितीदा वावरे ते मोजण्याचे कारण कोणास पडले नव्हते. ह्यांपैकी एकाही गोष्टीस 'पोटुशी बाई' ह्या शब्दांनी आरंभ होणारे वाक्य कोणी लावले नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी सासूबाईंनी पुन्हा दिंडीतील श्रमांची गोष्ट काढली, तेव्हा तिने हातातील कळशी खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हटले, "आत्याबाई, दिंडीत निदान जिना नाही."

घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्या सौ. स्वतःच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंना विचारून येऊ."

डॉक्टरीणबाईंनी आमच्यापैकी कोणाच्याही मनात नसलेले प्रश्न विचारले. चालण्यास त्यांची ना नव्हती. त्यांनी प्रथम रक्त तपासले, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींत रक्तक्षय आढळला होता, आणि रक्त कमी असेल तर बाईला आधी दम लागतो, मग चक्कर येते, आणि चक्कर म्हणजे पुन्हा पडणेच. मग वार खाली तर नाही ना, हे त्यांनी यंत्रावर पाहिले. दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या. चालताना श्रम किती झाले हे कसे ओळखावे असे सुनेने विचारले, तेव्हा त्यांनी सांगितलेली कसोटी आम्हांस फार आवडली. चालता चालता बोलता आले पाहिजे. बोलताना वाक्य तुटू लागले की थांबावे. दिंडीत तर बायका अभंग म्हणत चालतात, तेव्हा ह्या कसोटीसाठी घड्याळाचीही गरज नव्हती.

त्यांनी बजावले ते दुसऱ्याच गोष्टींविषयी. उपास करू नये, मग तो कार्तिकी सोमवार का असेना. धबधब्याखालच्या शेवाळलेल्या दगडांवर पाऊल टाकू नये. समाधीपाशी दाटी असेल तर लांबून दर्शन घ्यावे. पहाटेच्या अंधारात मोटारींच्या रस्त्याने चालू नये. आणि पाणी भरपूर प्यावे. हे शेवटचे वाक्य ऐकून सून प्रथमच गप्प झाली. कारण विचारता तिने जे सांगितले ते आम्हां पुरुषांच्या कधी ध्यानात आले नव्हते. दिंडीतील बायका दिवसभर पाणी पीतच नाहीत. वाटेत आडोसा कोठे मिळणार, म्हणून सकाळी दोन घोट घेतात ते संध्याकाळपर्यंत पुरवितात. चरकाने वेग अडविण्याचे दुष्परिणाम सांगितले ते ह्याच बायकांसाठी असावेत. गर्भवतीस ह्यामुळे मूत्रमार्गाचा दाह होतो, ताप भरतो, आणि वेळेपूर्वी कळा येण्याचेही ते एक कारण आहे. बर्फ, डोंगर, थंडी ह्यांवर इतका खल झाला, आणि खरा शत्रू निघाला तो रस्त्याच्या कडेला चार भिंती नसणे हा!

शेवटी असे ठरले की संपूर्ण वाट न चालता सुनेने मांजरसुंब्यापासूनचा शेवटचा टप्पा दिंडीबरोबर चालावा, उन्हे वर आल्यावर निघावे, आणि आम्ही दोघांनी सोबत असावे. ठरविले तिनेच, आम्ही फक्त मान डोलावली. लातूरहून मांजरसुंब्यापर्यंत मोटारीने जाताना जे हिसके बसले, त्यांच्यापुढे पुढील चालणे म्हणजे पालखीच होती असे ती म्हणाली, आणि आम्हांस पुन्हा चरक आठवला.

त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती, आणि राज्यातील साखर कारखान्यांच्या गाळपासही शासनाने तीच तारीख ठरविली होती. त्यामुळे आदल्या दिवशी मांजरसुंब्याच्या चौकात दोन प्रवाह एकमेकांस भेटत होते. एका बाजूने टाळ-पताका घेऊन दिंड्या येत होत्या, आणि दुसऱ्या बाजूने ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन मालमोटारी व ट्रॅक्टर निघाले होते. मधून निवडणुकीच्या प्रचाराच्या गाड्या कर्णे वाजवीत जात होत्या. बीड जिल्ह्यातील हे प्रस्थान ज्यांनी पाहिले नाही त्यांस त्याची कल्पना यावयाची नाही. भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, शेळी, पोरे आणि म्हातारी माणसे असा अवघा संसार एका वाहनावर रचलेला असतो. नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. माणसांची गणती हत्याराच्या नावाने होते. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती पाच-सहा महिन्यांच्या श्रमाने फेडावयाची असते. एक दिवस चुकला की खाडा पडतो.

चहासाठी थांबलेल्या एका मालमोटारीच्या कडेला एक तरुण बाई उभी होती. तिचे दिवस पदराआड लपण्यासारखे नव्हते. आमच्या सौ.नी तिला कितवा म्हणून विचारले.

"सातवा लागलाय."

"आणि ह्या अवस्थेत तोडीला?"

"उचल घेतलीया की, आई. कोयता मोडून कसं चालंल?"

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. नळ कधी येतो हे जसे आपण सांगतो तसे सांगितले. पहाटेच्या दवात वाकून बुंध्यापाशी ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवावयाच्या, आणि रात्री फडाच्या कडेला कोपीत निजावयाचे, असे ते काम आहे. वाकणे, ओझे, अरुंद फळी, ओला पाचोळा, आडोशाचा अभाव: डॉक्टरीणबाईंनी सुनेस जे जे वर्ज्य सांगितले होते ते सर्व येथे एकत्र होते, आणि त्यासाठी मजुरी मिळत होती. २०१९ साली ह्याच जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा पडू नये म्हणून शरीराचा भागच काढून टाकण्यापर्यंत मजल गेली, तेथे सातव्या महिन्याची कथा काय!

ती बाई आमच्या सुनेकडे निरखून पाहत होती. हातात काठी, पायात बूट, खांद्यावर पाण्याची बाटली, आणि पोट तिच्यासारखेच. शेवटी तिने विचारले, "ताई, तुमी पायी का चाललाव? गाडी नाय मिळाली का?"

सुनेस उत्तर सुचेना. मोटार होती, आम्ही ती मागे उभी करून आलो होतो. एवढ्या चर्चेनंतर, ग्रंथ पालथे घालून, तज्ज्ञांचे मत घेऊन मिळविलेले ते चालणे तिला एका वाक्यात कसे सांगावे? ती एवढेच म्हणाली, "मन्मथस्वामींना चालत येते म्हणाले होते."

"मग माझाबी नमस्कार सांगा," ती बाई म्हणाली, आणि तिने डोंगराच्या दिशेने हात जोडले. मोटारवाल्याने कर्णा वाजविला. सुनेने पिशवीतील राजगिऱ्याचे लाडू व शेंगदाणे तिच्या ओटीत घातले. फळीस धरून, दुसऱ्या एका बाईच्या हाताचा आधार घेऊन ती वर चढली.

दिंडीत सून छान चालली. दोनदा बसली, पुष्कळ पाणी प्यायली, आणि आमच्या सौ.नी चादर आडवी धरून एका बांधाशी आडोसा केला तेव्हा मागून आणखी सातआठ बायका निमूटपणे रांगेत येऊन उभ्या राहिल्या. धबधब्याखाली ती गेली नाही; लांबूनच धार पाहिली. समाधीसमोर तिने दोनदा नमस्कार केला. सौ.नी कारण विचारले नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही मनाशी हिशेब करीत होतो. सातवा कार्तिकात लागला म्हणजे दिवस माघात भरावयाचे. माघात गाळप ऐन भरात असते.